ओठांवरचे ठिपके

आमच्या शेजारच्या वहिनींची मुलगी दीड-दोन वर्षांची असताना तिच्या ओठांवर बारीक काळसर ठिपके उमटले. टाकाने शाई शिंपडावी तसे. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "देवानंच तीट लावून पाठवलंय हो!" मुलगी शाळेत जाऊ लागली आणि कौतुकाची काळजी झाली. पोरीच्या जातीला हे कसं चालायचं? साय-हळद, लिंबाची फोड, कुणी सांगेल ते चोळून झाले. ठिपके जागच्या जागी.

पोट दुखण्याची तक्रार तर नेहमीचीच. जंत असतील म्हणून वावडिंग, शाळा चुकवते म्हणून दटावणी. "आणि मी तिला एरंडेलसुद्धा पाजलं हो," वहिनी आजही डोळ्याला पदर लावतात. आठव्या वर्षी एका रात्री हिरव्या उलट्या सुरू झाल्या, पोट फुगले आणि पहाटे ऑपरेशन करावे लागले. लहान आतड्यातल्या एका गाठीने आतडे ओढून आतड्यातच शिरवले होते. सदऱ्याची बाही सुलटी करताना अर्धी आत अडकावी, तसे.

सर्जननी मुलीचे ओठ निरखले आणि आईबापांना म्हणाले, "तुम्हीही तोंड उघडा पाहू." वहिनींच्या तोंडात काही नव्हते. भाऊजींच्या गालाच्या आतल्या बाजूला मात्र तेच ठिपके! बाहेरचे ठिपके वयात आल्यावर बहुधा फिकट होतात, गालाच्या आतले राहतात. तोवर "आमच्या घराण्यात असलं काही नाही" म्हणणाऱ्या सासूबाई बराच वेळ गप्प बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "ह्याचे वडील पोटात पीळ पडूनच गेले. ओठ काळे होते, आम्ही तंबाखूचे समजत होतो."

या दुर्मीळ विकाराचे नाव प्युट्झ-जेगर्स. १९२१ साली हॉलंडच्या डॉ. प्युट्झ यांनी एका कुटुंबात तो पाहिला. १९४९ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. जेगर्स आणि सहकाऱ्यांनी ठिपके व गाठी यांची सांगड पक्की केली. त्यामागचा जीन १९९८ मध्ये सापडला. विकार आईला असो वा वडिलांना, प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी असते. पहिल्याला आला म्हणून दुसरे सुटले, असे नाही. कधी घराण्यात कुणालाच नसतानाही तो नव्याने उद्भवतो. तेव्हा सुनेच्या माहेराचा उद्धार करण्यात काय अर्थ? अर्थात ओठावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे हा रोग नव्हे. पण ठिपके आणि वरचेवर पोटदुखी अशी जोडी दिसली, तर दोन्ही गोष्टी एकाच डॉक्टरांना सांगाव्यात.

गाठी औषधाने जात नाहीत, पथ्यानेही नाहीत. त्यांच्यावर नजर ठेवावी लागते. साधारण आठव्या वर्षापासून, तक्रार नसली तरी, दुर्बिणीने आणि गिळायच्या कॅमेऱ्याच्या कॅप्सूलने आतडी तपासतात. मोठी गाठ अडथळा करण्याआधीच दुर्बिणीतून काढता येते. गाठींतून नकळत रक्त झिरपते, म्हणून हिमोग्लोबिनही पाहावे लागते. वहिनी हळिवाचे लाडू करतात ते रक्तासाठी, गाठींसाठी नव्हे! पुढच्या वयात आतडी, स्वादुपिंड, स्तन, गर्भाशयाचे मुख यांच्या कॅन्सरचा धोका बराच वाढतो. म्हणून बायकांनी पंचविशी-तिशीपासून स्तनांच्या नियमित तपासण्या सुरू कराव्या लागतात. आणि पोटात कळा, उलट्या, पोटफुगी किंवा शौचातून रक्त असले, तर एरंडेलाची बाटली कपाटातच राहू द्यावी आणि तडक इस्पितळ गाठावे.

मुलगी आता बावीस वर्षांची आहे. ओठ जवळजवळ स्वच्छ झालेत. "आता दिसत नाही, मग कशाला बोलायचं?" असा सल्ला नात्यातल्या बायकांनी दिलाच. मुलीनेच तो मोडून काढला. "उद्या माझ्या बाळाचं पोट दुखलं, तर त्या घरात कुणाला तरी ठाऊक नको?" एक स्थळ सांगितल्यावर परत गेले. दुसऱ्याने डॉक्टरांना भेटायचे म्हटले आहे; बोलणी चालू आहेत.

भाऊजी मात्र स्वतःची तपासणी सारखी पुढे ढकलतात. परवा वहिनींनी कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी बापलेकींची नावे एकाच तारखेला लिहून टाकली.