संगणकनिर्मित अंतराळयान : वास्तवाभासाची प्रक्रिया
आरती कदव दिग्दर्शित 'कार्गो' हा हिंदी चित्रपट २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर प्रदर्शित झाला. त्यातील यानाचे नाव 'पुष्पक ६३४-ए' असे पौराणिक वळणाचे असले, तरी असे यान पडद्यावर खरे वाटणे हा प्रश्न मुख्यतः प्रकाशशास्त्राचा आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात दूरच्या इमारती धुळीमुळे फिकट दिसतात व त्यावरून डोळा अंतर ओळखतो. अंतराळात हवा नसल्याने ही खूणच नाहीशी होते. दूरचा भागही तितकाच रेखीव दिसतो, सावल्या गडद व धारदार पडतात. मग यानाची भव्यता दर्शवावी कशी? त्यासाठी संगणकावरील त्रिमितीय प्रतिकृतीत पत्र्यांचे सांधे, झडपा, इवल्या खिडक्या घडविल्या जातात. प्रत्येक पत्र्याची चकाकी किंचित निराळी ठेवली जाते आणि कॅमेरा संथ फिरविला जातो. पृथ्वीनजीक तिच्यावरून परावर्तित झालेला निळसर प्रकाश यानाची सावलीतील बाजू उजळतो. नेमका तोच विसरला जातो, आणि यान पार्श्वभूमीवर चिकटविल्यासारखे दिसते.