सी. टी. कोलोनोग्राफी : कोणासाठी, केव्हा?

शौचावाटे रक्त जाते म्हणून आलेल्या एका ५८ वर्षांच्या संत्रा-बागाईतदारास आम्ही येथे परतवाड्यात ४ महिने रक्तार्शाची चिकित्सा दिली. कांकायन वटी, अभयारिष्ट, नागकेशर चूर्ण. परंतु गुदपरीक्षण केले नाही. सुश्रुताचार्यांनी अर्शोयंत्राची लांबी-आकार सांगून ठेवलेला असताना आम्ही साधे बोटही वापरले नाही, हे येथे नमूद करणे आम्हांस भाग आहे. पांडुता वाढली तेव्हा रुग्णास नागपुरास पाठविले. कोलोनोस्कोपीत सिग्मॉइड भागी अर्बुद आढळले. मार्ग इतका संकुचित झाला होता की दुर्बीण पुढे जाईना; म्हणून वरचे आतडे सी. टी. कोलोनोग्राफीने पाहण्यात आले.

अमेरिकेतील डॉ. डेव्हिड व्हायनिंग यांनी १९९४ मध्ये पुढे आणलेली ही तपासणी पोटाच्या नेहमीच्या सी. टी.हून निराळी आहे. आदल्या दिवशी विरेचक देऊन कोष्ठ रिकामा करतात. उरलासुरला मल चित्रात ओळखू यावा म्हणून बेरियम किंवा आयोडीनयुक्त द्रव पाजतात. नंतर गुदमार्गे बारीक नळीने कार्बन डायऑक्साइड वा हवा भरून आतडे फुगवितात आणि रुग्णास उताणे व पालथे, अशा दोन्ही स्थितींत ठेवून छेदचित्रे घेतात. कूस बदलली की मलाचा गोळा सरकतो, पॉलिप मात्र जागीच राहतो. भूल लागत नाही.

अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री अभ्यासात, १० मि.मी. वा त्याहून मोठी विकृती असलेल्या १०० पैकी सुमारे ९० व्यक्तींत ती या तपासणीने हुडकली. ६ मि.मी.हून लहान आणि चपटे पॉलिप निसटू शकतात. शिवाय, पॉलिप दिसला तरी या यंत्राने तो काढता येत नाही. त्यासाठी दुर्बीणच हवी.

शस्त्रकर्मानंतर रुग्णाचे धाकटे बंधू आमच्याकडे आले. ‘डाक्टरसाहेब, दुर्बीण नाई टाकली तरी फोटोत दिसते म्हन्तात. मंग मले तोच काढून द्या ना.’ आम्ही नकार दिला. सख्ख्या भावास हा रोग झालेला असता कोलोनोस्कोपीच श्रेयस्कर. रक्तस्राव, मलप्रवृत्तीत नवा बदल वा अकारण पांडुता असेल तेव्हाही तीच आधी. लक्षणरहित, सामान्य जोखमीच्या व्यक्तीसाठी अमेरिकेत ४५ व्या वर्षापासून दर ५ वर्षांनी सी. टी. कोलोनोग्राफी हा एक मान्य पर्याय आहे. आपल्याकडे हा रोग पाश्चात्त्यांहून कमी आढळतो, आणि राष्ट्रीय कर्करोग-चाचणीत मुख, स्तन व गर्भाशयमुख एवढ्यांचाच समावेश आहे. तेव्हा सरसकट सर्वांना ती सुचविण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. जेथे दुर्बीण पुढे जात नाही किंवा रुग्णास ती सोसवणारी नाही, तेथे मात्र तिचे मोल मोठे.

औषधी-विक्रेत्या बंधूंस एक विनंती. लोहभस्म वा मंडूर घेणाऱ्याचा मल काळा होतो, त्यामुळे रक्तस्रावाची शंका येते किंवा खरा रक्तस्राव झाकला जातो. दुर्बीण ठरली असल्यास ही औषधे सुमारे आठवडाभर आधी थांबवावी लागतात. तेव्हा रुग्णास तसे सांगून वैद्यांकडे धाडावे. आणि ‘मूळव्याधीचं तेच औषध द्या’ म्हणत कोणी दुसऱ्यांदा आला, तर पुडी बांधण्याआधी त्याचे वय आणि गुदपरीक्षण झाले की नाही, एवढे अवश्य विचारावे.