वल्हवत ज्वालामुखीच्या भेटीला

जगाच्या नकाशात उजव्या हाताला अगदी खाली पाहा. न्यूझीलंड हा देश तुम्हांला तेथे सापडेल. त्याच्या उत्तर बेटावर ऑकलंड नावाचे मोठे शहर आहे. हे शहर ज्या भागात वसले आहे तेथे लहानमोठे सुमारे ५३ ज्वालामुखी आहेत. शहरातल्या अनेक हिरव्यागार टेकड्या म्हणजे विझलेले ज्वालामुखीच होत. पण या सगळ्यांत मोठा आणि वयाने सर्वांत लहान असलेला ज्वालामुखी मात्र शहरात नाही. तो समोरच्या समुद्रात, बेटाच्या रूपाने उभा आहे. त्याचे नाव रांगितोतो.

जानेवारीत मी बहिणीकडे ऑकलंडला गेलो होतो. तेव्हा चौदा वर्षांच्या भाचीने हट्ट धरला, ‘‘मामा, फेरीबोटीने नको, आपण कयाकने जाऊ या!’’ कयाक म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद, लांबट होडी. उत्तर ध्रुवाजवळच्या थंड प्रदेशात राहणाऱ्या इन्यूइट लोकांनी सीलच्या कातड्यापासून ती प्रथम बनवली. आता ती प्लास्टिकची किंवा काचतंतूंची असते. मार्गदर्शकाबरोबर जाऊन अर्ध्या दिवसात परत येण्याची सोय होती. भाचीला पोहता येत होते, मलाही येत होते. मी होकार दिला.

होडी उलटत का नाही?

सकाळी आठ वाजता आम्ही सेंट हेलियर्सच्या किनाऱ्यावर जमलो. पाच होड्या, दहा माणसे. आमची मार्गदर्शक होती पंचविशीची एक तरुणी. तिने प्रत्येकाला तरंगजाकीट घालायला लावले आणि होडी उलटलीच तर काय करायचे, हे आधी शिकवले.

आमची दोघांची होडी पाच मीटरांहून लांब होती, पण रुंदी पाऊण मीटरसुद्धा नव्हती. भाचीने विचारले, ‘‘मामा, एवढीशी रुंद होडी. ती उलटत कशी नाही?’’

प्रश्न चांगला आहे. आपण तो नीट पाहू. होडीवर दोन बले काम करतात. होडीचे व आपले मिळून जे वजन, ते गुरुत्वमध्यातून सरळ खाली ओढते. होडीने बाजूला सारलेल्या पाण्याचे प्लावक बल सरळ वर ढकलते. होडी सरळ असताना ही दोन्ही बले एकाच रेषेत असतात. समजा, होडी उजवीकडे कलली. आता उजवी बाजू पाण्यात अधिक बुडते, म्हणून प्लावक बलही उजवीकडे सरकते. गुरुत्वमध्य खाली असेल तर तो फारसा सरकत नाही. मग एक बल उजव्या बाजूने वर ढकलते आणि दुसरे मधून खाली ओढते. या जोडीलाच बलयुग्म म्हणतात. ते होडीला पुन्हा सरळ करते.

म्हणूनच कयाकमध्ये आपण जवळजवळ पाण्याच्या पातळीला, पाय पसरून बसतो. पण होडी कलताच घाबरून आपणही त्याच बाजूला डोके आणि छाती झुकवली तर गुरुत्वमध्य प्लावक बलाच्या रेषेपलीकडे जातो. मग तेच बलयुग्म होडी उलटी करायला मदत करते! ‘‘होडी डुलू द्या, कंबर सैल ठेवा, डोके मात्र मध्यावरच हवे,’’ मार्गदर्शक सांगत होती. तिने बलयुग्म हा शब्द वापरला नाही, पण सांगितले तेच.

नाकासमोर वल्हवू नका

किनाऱ्यापासून बेटाचा धक्का सुमारे साडेचार किलोमीटर, सरळ उत्तरेला. मी होडीचे नाक धक्क्याकडे वळवले. मार्गदर्शक हसून म्हणाली, ‘‘तिकडे नको. डावीकडच्या त्या उंच झाडांकडे रोख ठेवा.’’

कारण होते ओहोटी. ऑकलंडला भरती-ओहोटीच्या पातळीत सुमारे अडीच-तीन मीटरांचा फरक पडतो. (मुंबईत मोठ्या उधाणाला याहूनही जास्त पडतो.) ओहोटीला बंदरातले पाणी बाहेर, म्हणजे आमच्या उजवीकडे पूर्वेला, वाहत होते.

आता एक गणित करू. समजा, आपण ताशी ५ किलोमीटर वेगाने वल्हवतो आणि प्रवाहाचा वेग ताशी १ किलोमीटर आहे. नाक सरळ उत्तरेला ठेवले तर साडेचार किलोमीटरला ५४ मिनिटे लागतील. पण तेवढ्या वेळात प्रवाह आपल्याला ९०० मीटर पूर्वेला नेऊन ठेवील. धक्का राहील बाजूलाच. उलट, नाक सुमारे साडेअकरा अंश पश्चिमेकडे वळवले तर आपल्या वेगाचा तेवढा भाग प्रवाहाला तोडीस तोड होतो आणि परिणामी वेग बरोबर उत्तरेला राहतो. तो ताशी ४.९ किलोमीटर येतो. वेळ लागतो फक्त एखादा मिनिट जास्त. वेगाला दिशा असते, म्हणून वेग ही सदिश राशी आहे, असे आपण वर्गात शिकतो. ते येथे दंडांना समजते.

वाटेत वाइहेके बेटाकडे जाणारी एक वेगवान फेरीबोट गेली. तिच्या लाटा येताना दिसताच सर्वांनी होडीचे नाक लाटांकडे केले. लाट आडवी आली तर तिला होडीची फक्त पाऊण मीटर रुंदी डुलवायची असते. समोरून आली तर पाच मीटर लांबी उचलावी लागते. फरक तुमच्या ध्यानात आला ना?

उजवीकडे मोतुकोरेआ हे दुसरे ज्वालामुखी बेट दिसत होते. समोर रांगितोतो मोठे होत होते. हे बेट कोठूनही पाहा, जवळपास सारखेच दिसते. दोन्ही बाजूंना लांब, मंद उतार आणि मध्ये छोटा शंकू.

आपल्याच घरचा दगड

धक्क्यावर उतरलो आणि मला एकदम सह्याद्रीची आठवण झाली. पायाखाली सगळा काळा कातळ! तो होता बेसाल्ट, आपल्या गडकिल्ल्यांचा दगड. फरक फक्त वयाचा. आपला दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. रांगितोतोचा बहुतेक सगळा लाव्हा अवघ्या साडेपाचशे ते साडेसहाशे वर्षांपूर्वी बाहेर पडला. म्हणजे आपल्याकडे ज्ञानेश्वरी सांगून झाली (इ. स. १२९०) त्यानंतर साधारण शंभर वर्षांच्या आसपास हे बेट घडत होते.

दगडात सर्वत्र छिद्रे होती. शिलारसात वायू विरघळलेले असतात. तो वर आला की दाब कमी होतो आणि सोडावॉटरची बाटली उघडावी तसे बुडबुडे सुटतात. लाव्हा थिजला की बुडबुड्यांच्या जागा तशाच राहतात. आपल्याकडच्या बेसाल्टमध्येही अशा पोकळ्या असतात, पण कोट्यवधी वर्षांत पाझरणाऱ्या पाण्याने त्यांत झिओलाइटसारखी सुंदर स्फटिकी खनिजे भरली. येथे त्या अजून रिकाम्या आहेत.

बेटाचा व्यास सुमारे साडेपाच किलोमीटर आणि उंची २५९ मीटर. म्हणजे सरासरी चढ जेमतेम साडेपाच अंशांचा. असे का? बेसाल्टी लाव्हाची श्यानता, म्हणजे चिकटपणा, कमी असते. तो ढीग करून न राहता दूरवर पसरतो. म्हणून ढालीसारखा सपाट ज्वालामुखी तयार होतो.

सुरुवात मात्र अशी शांत नव्हती. तप्त शिलारसाला समुद्राचे पाणी भिडले. पाण्याची वाफ झाली की तिचे आकारमान साध्या दाबाखाली सुमारे १,७०० पट होते. त्या स्फोटांनी शिलारसाची राख करून ती शेजारच्या मोतुतापु बेटावर फेकली. तेथे माओरी लोकांची वस्ती होती. राखेच्या थरांमध्ये माणसांच्या आणि कुत्र्यांच्या पावलांचे ठसे आजही जसेच्या तसे सापडले आहेत. राख ताजी असताना ती माणसे तिच्यावरून चालत गेली होती. पुढे वरून आणखी राख पडली आणि ठसे झाकले गेले. एखादा ज्वालामुखी जन्मताना ज्यांनी पाहिला, त्यांची पावले अशी जपली जावीत ही किती विलक्षण गोष्ट!

मातीशिवाय जंगल

वाट चढू लागलो. दोन्ही बाजूंना लाव्हाच्या ढेकळांची मैदाने होती. बेटावर ओढा नाही, नदी नाही. पावसाचे पाणी भेगांतून थेट खाली जाते. माती जवळजवळ नाहीच. उन्हात काळा दगड असा तापतो की त्यावर हात टेकवत नाही. तरीही येथे जंगल आहे!

प्रथम शेवाळे आणि दगडफूल आले. मग भेगांत पोहुतुकावा नावाचे झाड रुजले. उन्हाळ्यात, म्हणजे तिकडे डिसेंबर-जानेवारीत, त्याला लालभडक फुले येतात. त्याच्या सावलीत पाने साठली, कुजली आणि थोडी माती झाली. त्या मातीत इतर झाडे वाढली. आज येथे दोनशेहून अधिक जातींची स्थानिक झाडेझुडपे आणि चाळीसहून अधिक प्रकारची नेची आहेत. किनाऱ्याला तर कोकणच्या खाड्यांत असते तशी तिवरे थेट लाव्हावर उभी आहेत. चिखल नाही तरी तिवरांचे अडले नाही.

वरच्या बाजूला लाव्हाच्या गुहा आहेत. लाव्हाचा प्रवाह बाहेरून थिजतो, पण दगड उष्णतेचा मंदवाहक असल्याने आतला रस पातळच राहतो. तो पुढे वाहून गेला की मागे पोकळ बोगदा उरतो. आम्ही अशाच एका बोगद्यात वाकून शिरलो.

वीस मिनिटांचे अंतर

गुहेतून बाहेर आलो तेव्हा माथा वीसच मिनिटे दूर होता. माथ्यावर सुमारे ६० मीटर खोल विवर आहे. भाची पुढे पळणार एवढ्यात मार्गदर्शकाच्या रेडिओवर हवामानाचा नवा अंदाज आला. दुपारनंतर येणारा नैर्ऋत्येचा वारा लवकर येणार होता. तिने आम्हांला खालचा समुद्र दाखवला. काही लाटांच्या माथ्यांवर पांढरा फेस दिसत होता.

समुद्राच्या चेहऱ्यावरून वाऱ्याचा वेग सांगता येतो. बोफर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने इ. स. १८०५ मध्ये वाऱ्याच्या जोराची एक श्रेणी बनवली. तुरळक फेस म्हणजे वारा ताशी १२ ते १९ किलोमीटर. फेस सर्वत्र दिसू लागला तर तो वीसच्या पुढे गेला असे समजावे. आणि वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो.

‘‘आपण येथूनच परत फिरायचे,’’ ती म्हणाली.

मित्रांनो, खरे सांगतो, मला ते पटले नाही. मी घड्याळ दाखवून म्हटले, ‘‘वर जाऊन यायला चाळीस मिनिटे. त्याने काय बिघडणार?’’ ती शांतपणे म्हणाली, ‘‘आता भरती सुरू झाली आहे. पाणी पश्चिमेला जाणार आणि वारा त्याच्या विरुद्ध येणार. विवर कोठे जात नाही.’’

मी भौतिकशास्त्र शिकवतो. लाट विरुद्ध प्रवाहात शिरली की तिची तरंगलांबी कमी होते, उंची वाढते आणि ती उभट होते, हे मला पाठ होते. पण ते गणित मी येथे मांडलेच नव्हते. मला फक्त विवर दिसत होते. भाचीच्या डोळ्यांत पाणी आले. आम्ही उतरू लागलो.

परतीची वाट

येताना तासाभरात केलेले अंतर जाताना दीड तास झाला तरी संपेना. वारा उजवीकडून, समोरून येत होता. मध्यावर लाटा आखूड आणि उभ्या झाल्या होत्या. एक लाट आडवी आली, होडी कलली, आणि भाचीने वल्हे सोडून दोन्ही हातांनी काठ धरला.

‘‘मामा, बुडतोय आपण!’’

‘‘काठ सोड! वल्हे पाण्यात घाल! डोके मध्यावर!’’ मी ओरडलो. तिने वल्हे उचलून पाण्यावर दाबले. पाण्याने वल्ह्याला वर ढकलले, न्यूटनचा तिसरा नियम आमच्या कामी आला, आणि होडी सरळ झाली. मार्गदर्शक तोवर आमच्या शेजारी येऊन पोहोचली होती. पुढचा सर्व वेळ ती आमच्या बाजूलाच राहिली.

किनाऱ्याला लागलो तेव्हा माझे हात थरथरत होते. अर्ध्या तासाने मागे वळून पाहिले तर सारा समुद्र फेसाने पांढरा झाला होता. ती चाळीस मिनिटे आम्ही वर घालवली असती तर याच पाण्यात असतो. भाची बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, ‘‘मामा, तिला आधीच कळले होते, नाही?’’

होय. तिने तीन गोष्टी पाहिल्या होत्या : पाण्याची दिशा, वाऱ्याची दिशा आणि घड्याळ. मी त्यांतली एकच पाहिली होती. विवर मी अजून पाहिलेले नाही.

करून पाहा

(१) एक रिकामी, उथळ साबणाची डबी बादलीतल्या पाण्यावर ठेवा. तळाला ओल्या कणकेचा गोळा चिकटवा आणि डबी हलकेच कलवून सोडा. आता त्याच गोळ्यात पेन्सिल उभी खोचा, अर्धा गोळा काढून पेन्सिलीच्या टोकाला लावा आणि पुन्हा कलवा. कोणती डबी सरळ होते?

(२) ताटली तिरकी धरून तिच्यावर चमचाभर गार काकवी सोडा. मग तेवढीच कोमट काकवी सोडा. कोणती दूरवर पसरते? कोणत्या काकवीसारख्या लाव्हाचा डोंगर सपाट होईल आणि कोणत्याचा उंच, हे स्वतःच ठरवा.