पॅराक्वाट : बांधावरचे औषध, घरातील धोका

फळबागेत सकाळी पॅराक्वाट हे तणनाशक फवारले की कडक उन्हात सायंकाळपर्यंत तण माना टाकते. खुरपणीची मजुरी वाचते. १९६२ साली प्रथम विक्रीस आलेले हे औषध लोकप्रिय झाले, यात नवल नाही. परंतु पोटात गेल्यास ते अत्यंत जहाल विष आहे. २४ टक्के द्रावणाचे दोन-तीन चहाचे चमचे धडधाकट माणसाचा प्राण घेण्यास पुरतात, आणि त्यावर खात्रीचा उतारा नाही.

पुष्कळ अपघातांचे मूळ घरात असते. उरलेले औषध सोड्याच्या अगर दारूच्या रिकाम्या बाटलीत भरून कोनाड्यात ठेवले जाते. अंधारात कोणी तहानलेला तीच बाटली तोंडाला लावतो. घोट थुंकून टाकला तरी थोडेसे पोटात जातेच. औषध मूळ डब्यातच, कुलपात ठेवावे. शेजाऱ्यालाही बाटलीत काढून देऊ नये. भिडेपोटी केलेली ही मदत फार महाग पडते.

या विषाचा खरा दगा पुढेच आहे. आरंभी तोंड व घसा भाजतो, ओकाऱ्या होतात. मग रोगी शुद्धीवर असतो, बोलतो. घरची माणसे निर्धास्त होतात. याच अवधीत लघवी कमी होऊ लागते. फुप्फुसे रक्तातील विष ओढून घेतात, प्राणवायूच्या योगाने तेथील पेशी नासतात, आणि काही दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनी, श्वास कोंडून मृत्यू येतो. म्हणून रोगी बरा दिसत असला तरी त्याला तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे. मीठपाणी पाजून ओकारी काढू नये. भाजलेला घसा पुन्हा भाजतो.

फवारणी करणाऱ्यानेही सावध असावे. गळक्या पंपाने पाठ भिजली, अंगावर जखम असली, तर कातडीवाटे विष शरीरात भिनते. असे मृत्यूही नोंदले गेले आहेत. भिजलेला सदरा तेथेच उतरवून अंग साबणाने व भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात थेंब उडाल्यास डोळा बराच वेळ वाहत्या पाण्याखाली धरावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एक गोष्ट घरोघर सांगावी. रोग्याबरोबर औषधाचा डबा अगर त्यावरील चिठ्ठी रुग्णालयात न्यावी. पॅराक्वाटच्या रोग्यास गरज नसता प्राणवायू दिल्यास फुप्फुसांची हानी वाढते. डॉक्टरांना विषाचे नाव प्रथमच कळले पाहिजे.