उभा भार, आडवा धक्का

लालबाग-परळमध्ये शाळांच्या जुन्या इमारतींची काळजी पावसाच्या हिशेबाने घेतली जाते. मे महिन्यात परांची चढते, गिलावा होतो, गच्चीची गळती थांबवली जाते. हे गरजेचेच आहे, पण हे भूकंपाचे काम नव्हे. महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब प्रमाणे ३० वर्षांपुढच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचे आहे. त्यात प्रामुख्याने गंजलेल्या सळया, भेगा आणि काँक्रीटची ताकद तपासतात; इमारत स्वतःचा भार पेलते का, हे त्यातून कळते. भूकंप तिला आडवे ढकलतो. त्या आडव्या बळाचा हिशेब मांडल्याशिवाय कोणत्याही शाळेला सुरक्षित म्हणू नये.

मुंबईत कुठे मोठा भूकंप होतो, असे म्हटले जाते. आयएस १८९३ या मानकाच्या २०१६च्या आवृत्तीत मुंबई तिसऱ्या विभागात, म्हणजे मध्यम धोक्यात आहे, आणि शाळेसाठी नेहमीच्या इमारतीच्या दीडपट बळ धरायला ते मानक सांगते. जुन्या इमारती असा हिशेब येण्याआधीच्या आहेत. आणि किल्लारी? ती तर तेव्हाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. ३० सप्टेंबर १९९३ला, विसर्जनानंतरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात तिथली जाड दगडी घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. शाळा त्या वेळी रिकाम्या होत्या. ८ ऑक्टोबर २००५ला काश्मीरमधल्या मुझफ्फराबाद परिसरात धक्का सकाळी, वर्ग भरलेले असताना बसला आणि हजारो विद्यार्थी दगावले. भूजच्या २००१च्या भूकंपात दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत इमारती पडल्या. त्यांतल्या अनेकींचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा होता. तो भूकंप महाराष्ट्राने अनुभवलेल्या कोयनेच्या १९६७च्या धक्क्याहून कितीतरी मोठा होता, हे खरे. पण केंद्र लांब आहे एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही, हेही तितकेच खरे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पैसा ओतून जुने टिकवण्यापेक्षा पाडून नवे का बांधू नये? जी इमारत खरोखर सी-१ म्हणजे अतिधोकादायक श्रेणीत आहे, ती पाडलीच पाहिजे. बाकीच्यांसाठी मजबुतीकरणाच्या पद्धती आयएस १३९३५ आणि १५९८८ या मानकांत दिलेल्या आहेत: विटांच्या भिंतींना जाळी व मसाल्याचे पट्टे, कोपऱ्यांची बांधणी, खांबांना जॅकेटिंग, मोकळ्या तळमजल्यात नव्या भिंती. काठमांडू खोऱ्यात अशा रीतीने मजबूत केलेल्या शाळा २०१५च्या भूकंपात उभ्या राहिल्या. शिवाय लालबाग-परळच्या या गिरणगावात पाडकामाला आणखी एक किंमत आहे. १९८२च्या गिरणी संपानंतर कितीतरी कामगार कुटुंबे इथून उपनगरांत गेली, मराठी शाळांचे वर्ग रोडावले. अशी शाळा काही वर्षांसाठी दूर हलवली, तर मुले परत येतीलच असे नाही. दुरुस्तीसाठी परांची लागलेलीच असते. त्याच कामात हे मजबुतीकरण जोडले तर मुलांना शाळेबाहेर काढायचा काळ पुष्कळ कमी होतो.

म्हणून दुरुस्तीच्या कामाची प्रगती खर्चाच्या टक्क्यांवर नव्हे, आडव्या बळासाठी तपासून मजबूत केलेल्या शाळांवर मोजावी. ही मागणी पालक करू शकतात. शिक्षण हक्क कायद्याने पालिका व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समित्यांत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. पालकांनो, पुढच्या सभेत ऑडिटचा अहवाल मागा, आणि आडव्या बळाचा हिशेब त्यात कोणत्या पानावर आहे ते विचारा.