वॉशरचं पाणी गळतंय? आधी ओल शोधा

संध्याकाळी जळगावहून धुळ्याकडे निघालं, की एरंडोल, पारोळा करत जाताना मावळता सूर्य थेट समोरच्या काचेवर येतो. काचेवर धूळ असेल, तर त्या तिरप्या उजेडात पुढचा ट्रॅक्टरही दिसत नाही. नेमका तेव्हा वॉशरचा दांडा ओढावा आणि पाणी येऊ नये, ही किरकोळ गोष्ट नाही. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, पण तिच्यासारख्या जुन्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत. त्यांच्या वॉशरबद्दलचे काही समज तपासून पाहू.

गैरसमज : पाणी गळतंय म्हणजे वॉशरची बाटली फुटली.

वस्तुस्थिती : बाटलीला चीर जाते, पण त्याआधी बहुतेक वेळा रबर दगा देतं. मोटर बाटलीच्या खालच्या भागात एका छोट्या रबरात दाबून बसवलेली असते. मे महिन्यातला ४५ अंशांचा पारा आणि बॉनेटखालची इंजिनाची धग सोसून ते रबर कडक होतं, तडकतं. पाइप आणि त्याचे सांधेही तसेच वाळतात. म्हणून गाडी कोरड्या फरशीवर लावा, बाटली भरा, खाली पुठ्ठा अंथरा आणि अर्धा तास थांबा. दांडा न ओढताच पुठ्ठा भिजला, तर दोष बाटलीत, मोटरच्या रबरात किंवा खालच्या सांध्यात आहे. पाणी एका पातळीपर्यंत उतरून थांबलं, तर त्याच उंचीवर चीर शोधा. दांडा ओढल्यावरच गळत असेल, तर वरचा पाइप, टी-आकाराचा जोड किंवा काचेवर पाणी उडवणाऱ्या जेटची जोडणी पाहा.

गैरसमज : गोंद किंवा सिलिकॉन लावलं की काम भागतं.

वस्तुस्थिती : या बाटल्या ज्या प्लास्टिकच्या असतात, त्यावर साधा गोंद टिकत नाही, गाडीच्या हादऱ्यांनी तो सुटतो. तडकलेलं रबर बदलणं हाच उपाय, आणि तो स्वस्त आहे. नवं रबर बसवताना ग्रीस लावू नका, ग्रीसने काही रबरं फुगतात. साबणाच्या पाण्याने ओलं केलं की मोटर सहज आत सरकते.

गैरसमज : ठिबकची बारीक नळी पाइपऐवजी चालते.

वस्तुस्थिती : अडचणीच्या वेळी घरी पोचण्यापुरती ठीक. ती शेतात एका जागी पडून राहण्यासाठी बनवलेली, ताठ नळी आहे. बॉनेट उघडताना बिजागरीपाशी ती दुमडते आणि जेटच्या दांडीला घट्ट धरत नाही. जुन्या पाइपाचा तुकडा सोबत नेऊन त्याच मापाचा मऊ रबरी पाइप घ्या. टोक गरम पाण्यात बुडवलं की तो सांध्यावर नीट चढतो.

गैरसमज : पाणी उडत नाही, म्हणजे मोटर जळाली.

वस्तुस्थिती : दांडा ओढून कान द्या. मोटर गुणगुणत असेल, तर जेटजवळचा पाइप काढून पुन्हा ओढा. धार जोरात आली, तर जेटच क्षाराने बुजलंय. बारीक सुईने मोकळं करा. आवाजच नसेल, तर आधी फ्यूज आणि मोटरचा प्लग तपासा. बाटली रिकामी असताना मात्र दांडा ओढत राहू नका. या मोटरला पाणीच थंड ठेवतं.

गैरसमज : बोअरचं पाणी आणि चिमूटभर साबणपूड पुरते.

वस्तुस्थिती : जड पाण्यात साबण फाटतो, त्याचा चिकट साका जेटमध्ये आणि काचेवर बसतो. गाळलेलं मऊ पाणी आणि वॉशरसाठीचंच द्रावण वापरा. कूलंट तर मुळीच नको. त्याने काचेवर तेलकट पट्टे उमटतात आणि ते विषारीही असतं.

केळीच्या बागेत एका ओळीला पाणी कमी पडलं, तर आपला शेतकरी लगेच नवा संच आणायला जात नाही. तो नळीच्या कडेने चालत जातो, ओल कुठे आहे ते बघतो, तेवढा जोड बदलतो आणि टोक उघडून नळी धुऊन काढतो. बॉनेटखालीही हीच पद्धत लागते. पाऊस सुरू होण्याआधीचा एखादा रविवार त्यासाठी काढा.