करवंटीचे तीन डोळे

नारळाची शेंडी उपटली की खाली तीन डोळे दिसतात. दोन टणक, एक मऊ. कोंब मऊ डोळ्यातूनच बाहेर यायचा असतो, म्हणून तिथली करवंटी अगदी नावापुरती. नारळ मधोमध फुटला तर तिन्ही डोळे एकाच वाटीत येतात. ती वाटी कोरून घ्यायची, बाहेरचे काथ्याचे धागे पॉलिश कागदाने घासून काढायचे आणि मऊ डोळा खाली येईल अशी भिंतीला टेकवायची. वर दोन डोळे, खाली उघडं तोंड, अशी कवटी आयती तयार. मऊ डोळा जुन्या स्क्रूड्रायव्हरने सहज उघडतो. बाकीचे दोन मोठ्या माणसाने ड्रिलनेच पाडावेत. खिळा ठोकायला गेलं की करवंटी तडकते.

हिंजवडी-मारुंजीच्या पुढे, मुळशी तालुक्यातल्या नेरे गावात आता भातखाचरांना लागून उंच इमारती उभ्या आहेत. आयटीच्या नोकऱ्यांमुळे आलेली, मधली काही वर्षं परदेशात काढलेली कुटुंबं इथे राहतात आणि त्यांच्याबरोबर ३१ ऑक्टोबरचा हॅलोविनही आला आहे. मुलं भुताखेतांचे वेश करून दारोदार चॉकलेटं मागतात, लॉबीत सजावट होते. ही सजावट बहुतेक ठिकाणी ऑनलाइन मागवलेली असते: प्लास्टिकचे सांगाडे, नायलॉनची कोळिष्टकं, चमकी लावलेली वटवाघळं. एका रात्रीचा खेळ, की सगळं कचऱ्यात. मला ते मनापासून खटकतं. पैसे जातात ते जातातच, पण कुणाला घाबरवणं ही हातानं करायची गोष्ट आहे, आणि ती करण्यातली सगळी मजा पाकिटाबरोबर दुसऱ्याच्या हातात राहते. म्हणून आमच्या इमारतीत आम्ही मुलांना घेऊन बसतो, ते घरातली अडगळ समोर ओतून.

सगळ्यात जास्त वेळ भुतावर जातो, आणि तो जायलाच हवा. भुताला लागतं जुनं, धुऊन-धुऊन विरलेलं सुती कापड. आजीचं नऊवारी पातळ मिळालं तर उत्तम, नाहीतर आजोबांचं धोतर. कापड सुतीच हवं. पॉलिस्टरची ओढणी खळ धरत नाही, वाळली तरी तशीच लोंबते. खळ आम्ही तांदळाचीच करतो. मूठभर इंद्रायणी भरपूर पाण्यात शिजवायचा, पार गळून जाईपर्यंत, आणि ती दाट पेज जाळीदार फडक्यातून पिळून गाळायची. इंद्रायणी हे वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये आणलं, आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून. त्याचा भात चिकट होतो हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे; तोच चिकटपणा इथे कामाला येतो. गरम पाण्यात दाण्यातला स्टार्च फुगून बाहेर पडतो, कापडाच्या धाग्याधाग्यात शिरतो आणि वाळला की धागे आहेत त्या जागी धरून ठेवतो.

आता साचा. मोठी बाटली पाण्याने भरायची म्हणजे हलणार नाही, तिच्या तोंडावर वर्तमानपत्राचा बोळा बांधायचा, ते झालं डोकं. जुन्या तारेच्या हँगरचे हात. या सगळ्यावर प्लास्टिकची पिशवी, नाहीतर कापड साच्याला चिकटून बसतं आणि भूत सोडवताना फाटतं. मग खळीत बुडवलेलं, हलक्या हातानं पिळलेलं कापड वरून सोडायचं. इथे मुलं घाई करतात. कापड पडेल तसं पडू द्यायचं नसतं. एकेक चुणी बोटांनी ओढून खाली आणायची, पायाशी घेर थोडा बाहेर वळवायचा, कारण पुढे याच घेरावर ते उभं राहणार. ऑक्टोबरचं ऊन चांगलं असेल तर दिवसभरात कापड खडखडीत वाळतं. बाटली खालून काढून घेतली की आत कुणीच नसलेलं पातळ उभं राहतं. त्या क्षणी मोठी माणसंसुद्धा दोन पावलं मागे सरकतात, हे मी पाहिलं आहे. खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, त्याने मुंग्या-झुरळं लागत नाहीत. पण मोरचूद विषारी, मुलांच्या हातात ते द्यायचंच नाही. भूत कोरडं ठेवलं की तेवढ्या दिवसांसाठी पुरतं.

कोळिष्टकांसाठी गोणपाट. धान्याच्या जुन्या पोत्याचा तुकडा घेऊन त्याचे आडवे धागे एक सोडून एक ओढून काढायचे, मग उरलेलं विणकाम दोन्ही हातांनी ताणून विस्कटायचं. तागाची सुटलेली कुसळं हवेत तरंगू लागतात आणि वर्षानुवर्षं बंद असलेल्या माळ्यासारखा कोपरा तयार होतो. विकतची नायलॉनची जाळी बाहेर झाडांवर, गॅलरीत ताणली तर तिच्यात पक्ष्यांचे पाय अडकतात. गोणपाटही आम्ही जिन्याच्या आतल्या बाजूलाच लावतो.

भोपळ्याचा कंदील मात्र आम्ही भोपळ्याचा करत नाही. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये पूर्वी सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. तिकडची माणसं अमेरिकेत गेली तेव्हा तिथला मोठा, कोरायला सोपा भोपळा त्यांना सापडला. म्हणजे जे हाताशी आलं ते त्यांनी घेतलं. आपल्या बाजारातल्या लाल भोपळ्याची साल कठीण, गर जाड. तो कोरून वाया घालवण्यापेक्षा त्याचे घारगे व्हावेत आणि त्या रात्री येणाऱ्या मुलांना मिळावेत. कंदील होतो फुग्यावर. वर्तमानपत्राच्या पट्ट्या, कणकेची खळ, एकावर एक थर, वाळला की फुगा फोडायचा. यातलं मर्म एकच: पट्ट्या कात्रीने कापायच्या नाहीत, फाडायच्या. फाटलेली कड पातळ होत जाते म्हणून थर एकजीव बसतात. कापलेली कड उठून दिसते. शिवाय वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटतं आणि दुसऱ्या दिशेने वाकडंतिकडं, कारण कागदातले तंतू एका बाजूला वळलेले असतात. ती दिशा एकदा सापडली की लहान पोरंही भराभर पट्ट्या काढतात. ज्यांच्या घरी आकाशकंदील अजून हातानं होतो त्यांना हे सांगावं लागत नाही.

अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमधून वटवाघळं निघतात: ओळीतल्या तीन वाट्या, मधली अंग, बाजूच्या दोन अर्ध्या कापून पंख. रंग म्हणून कोळशाची पूड खळीत कालवलेली. हे काम सोपं, ते सगळ्यात धाकट्यांकडे. थर्माकोल कुणी आणलाच तर परत पाठवतो; सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात मार्च २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे.

टांगायचं कसं, हे आम्ही खाचरातल्या बुजगावण्याकडून शिकलो. उलटं मडकं, पेंढा आणि फाटका सदरा एवढ्यावर ते पाखरं हाकलतं, पण एका अटीवर: बाह्या मोकळ्या हव्यात. ज्या बुजगावण्याच्या बाह्यांत पेंढा ठासून भरला आहे ते वाऱ्यावर हलत नाही, आणि पाखरं दोन दिवसांत त्याच्या डोक्यावर येऊन बसतात. म्हणून वटवाघळं भिंतीला चिकटवायची नाहीत, एका दोऱ्याने टांगायची. दार उघडलं की हवेच्या झोताने ती गर्रकन फिरतात.

उरतो उजेड, आणि खरं तर निम्मं काम उजेडाचंच असतं. दिवाळीच्या माळा घरात असतातच. २०२४ मध्ये तर ३१ ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी होती. पहाटे अभ्यंगस्नान करून चिराटं फोडलेली मुलं संध्याकाळी भुतं होऊन फिरली. त्याच पहाटे गोव्यात पेंढा, जुने कपडे आणि कागद यांचे नरकासुर जाळले जातात. टाकाऊतून भयंकर काहीतरी उभं करण्यात आपण कुणाच्या मागे नाही. एलईडीची माळ करवंटीच्या आत ठेवली की तीन भोकांतून उजेडाचे झोत समोरच्या भिंतीवर पडतात. भुताला दिवा नेहमी खालून द्यावा. वरून दिला तर ते वाळत घातलेलं धुणं दिसतं, खालून दिला तर त्याची सावली छतापर्यंत चढते. पणती किंवा मेणबत्ती या सामानाजवळ अजिबात नको. खळ लावलेलं सुती कापड, ताग, कागद, सगळं भडकन पेट घेणारं आहे.

आवरायला फारसं लागत नाही. भूत गरम पाण्यात भिजवलं की खळ सुटते आणि पातळाचं पुन्हा फडकं होतं. करवंट्या बंब असलेल्या घरी जातात, ट्रे आणि कागद फाडून खताच्या खड्ड्यात. गोणपाट आणि एलईडीच्या माळा तेवढ्या ठेवायच्या. करवंट्या पुढच्या वर्षी गणपतीपासूनच साठवायला सुरुवात करावी. दसऱ्यापर्यंत घरात इतके नारळ फुटतात की डोळ्यांची वाटी नीट मधोमध फुटलेले चार-पाच सहज निवडून घेता येतात.